दीड इंच

"माझा पाय लांब करून ठेवलाय त्यांनी," आत्या म्हणाल्या.

घटस्थापनेची सकाळ होती. पाच आठवडे गाऊनमध्ये काढल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना साडी नेसायची होती. मी वॉकर त्यांच्या पुढ्यात लावला, परकर डोक्यावरून घातला, नाडी बांधली आणि साडी घ्यायला वळले. परत बघते तर त्या कपाटाच्या आरशासमोर थिजल्यासारख्या उभ्या. परकराची कड डावीकडे घोट्याला टेकली होती आणि उजवीकडे घोट्याच्या वर चढली होती. चांगली दोन बोटं वर.

मी खाली बसून परकर ओढून पाहिला. नाडी सोडून परत बांधली. दुसरा परकर आणला. तोही उजवीकडे वरच.

"मी सांगत होते तुम्हाला," त्या म्हणाल्या. "उजव्या पायाखाली पायरी असल्यासारखं वाटतंय, असं पहिल्या दिवसापासून सांगतेय. आता डोळ्यांनी बघा."

मामा दारात उभे होते. दुकानाला निघाले होते, टेप आधीच गळ्यात. त्यांनी परकराकडे पाहिलं आणि चप्पल घातली. चहा ओट्यावर तसाच राहिला.

आमच्या कराडकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. मामांचं शिलाईचं दुकान घरापासून तीन गल्ल्या सोडून. माझा नवरा विश्वास चाकणला कंपनीत, शनिवारी रात्री यायचा, रविवारी संध्याकाळी जायचा. मी एम. एस्सी. करून साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागले होते. आदल्या हंगामात जानेवारीत जुई झाली आणि मला मधेच सुटी घ्यावी लागली. यंदा पंचवीस ऑक्टोबरला कारखाना सुरू होणार होता. त्या दिवशी तुम्ही हजर नसलात तर दुसरा माणूस घेऊ, असं चीफ केमिस्टनी मला फोनवर सांगितलं होतं. अगदी सभ्यपणे सांगितलं होतं, म्हणून जास्त भीती वाटली.

म्हणजे जुईला सांभाळायला आत्या हव्या होत्या, आणि आत्या धड चालायला हव्या होत्या. त्यांचा उजवा खुबा वीसेक वर्षं झिजत आला होता. प्रत्येक पावलाला त्या उजवीकडे कलायच्या. जुई पालथी पडायला लागली तशी मला एकच दिसायला लागलं. ही बाई माझ्या मुलीला उचलून घेईल आणि दोघी पडतील. उन्हाळाभर मी त्यांच्या मागे लागले. ऑपरेशन करा, खुबा बदलला की पळाल. शेवटी त्या तयार झाल्या. ऑगस्टच्या शेवटी मिरजेला ऑपरेशन झालं.

आणि आता त्या पलंगावर बसून राहिल्या होत्या.

घटस्थापनेपासून त्या उजवा पाय गुडघ्यात वाकवून चालायला लागल्या, लांब झालेला पाय आखूड करावा तसा. व्यायाम शिकवायला यायच्या त्या बाईंनी सांगून पाहिलं, पाय पूर्ण टेका. आत्या मान डोलवायच्या आणि बाई गेल्या की परत वाकवायच्या. मी हॉस्पिटलला फोन केला. तिकडच्या मुलीनं सांगितलं, सात आठवडे झाले की दाखवायला याच, तेव्हा फोटो काढू. मी दिवस मोजले. सतरा तारीख येत होती. त्यानंतर माझ्याकडे आठ दिवस उरत होते.

मला थांबवेना. तेव्हा माझं असंच होतं. जुईला शिंक आली तरी मी तीन वेळा ताप बघायची. मी आत्यांची डावी चप्पल उचलली आणि बाजारात चांभाराकडे जाऊन तळाला जाड रबर लावून आणलं. उजवा पाय वाढला असेल तर डावा उचलून घेऊ, एवढं साधं गणित. आत्यांनी ती चप्पल घालून घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, "आता बरं वाटतंय गं, सुवर्णा." परकराची कड अगदी सरळ आली नाही, पण त्यांचा चेहरा सरळ झाला. मला इतका आनंद झाला की मी विश्वासला दिवसा कामावर फोन केला.

चौथ्या दिवशी त्यांची पाठ धरली. मी बाम चोळून दिला आणि चपलेबद्दल काही बोलले नाही. मामा बघत होते.

सतराला आम्ही मिरजेला गेलो. जुई माझ्या मांडीवर, आत्या आणि मामा समोर. डॉक्टरांनी उभं करून फोटो काढायला लावला होता. तो त्यांनी उजेडावर लावला आणि पट्टीनं दोन्हीकडचं मोजलं. दोन्ही पायांत फरक जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा होता. मग त्यांची नजर आत्यांच्या पायाकडे गेली.

"ही चप्पल कोणी करून दिली?"

मी म्हटलं, मी.

रागावले नाहीत, पण ती चप्पल तिथेच त्यांच्या टेबलाखाली राहिली. त्यांनी समजावून सांगितलं. खुबा झिजत गेला तसा पाय आखूड झाला, कमरेचं हाड उजवीकडे उतरलं, आणि पडू नये म्हणून वरचे मणके दुसरीकडे वळले. वीस वर्षं अंग तसंच उभं राहिलं. आता खुबा बदलून कमरेचं हाड सपाट केलंय, पण पाठीला अजून ते माहीत नाही. तिला वाकडंच सरळ वाटतंय, आणि सरळ केलेला पाय लांब वाटतोय. वॉकर सोडा, काठी घ्या, दोन्ही पाय पूर्ण टेकून चाला. पाच-सहा महिन्यांत वाटायचं बंद होईल.

"पण मग परकर वर का जातो?" आत्यांनी विचारलं.

डॉक्टर थोडं हसले. परकराचं त्यांना काही सांगता येणार नव्हतं. त्यांनी उलट विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं का थांबलात? दहा वर्षं आधी आला असतात तर पाठ एवढी आखडली नसती."

"तेव्हा एवढं नव्हतंच हो," आत्या म्हणाल्या. "थंडीत जरा लंगडायचे, तेवढंच. साडी सरळ पडायची माझी. बघणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही."

मामा फाइलची दोरी गुंडाळत होते आणि सोडत होते. मला वाटलं, दमलेत.

येताना गाडीत आत्या कुणाशी बोलल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, डॉक्टर आपली चूक कशी कबूल करेल. आपल्याला डोळे आहेत. दोन दिवस त्या तशाच, पाय वाकवून, काठीवर. पाठीला गरम पिशवी. जुई रांगत त्यांच्या पलंगाखाली जायची आणि मी धावत जाऊन तिला बाहेर ओढायची, काठी तिच्यावर पडेल म्हणून.

वीस तारखेला दुपारी जुईसाठी दुपटी करायला मी माळ्यावरचं जुन्या कपड्यांचं बोचकं काढलं. गोधडीसाठी म्हणून आत्यांनी वर्षानुवर्षं जुने परकर त्यात कोंबले होते. मामा दर दिवाळीला त्यांना नवा परकर शिवायचे, त्यामुळे बरेच होते. मी एक घेतला, मधोमध घडी घातली आणि कापायला कात्री लावली. कडा जुळेनात. एक बाजू खाली लोंबत होती.

मामांच्या हातचा कपडा असा नसतो. त्यांनी शिवलेल्या पॅंटचे दोन पाय एकमेकांवर ठेवले तर सुताचा फरक निघायचा नाही. मी दुसरा परकर घेतला. तोही तसाच. नाडीची फट ते नेहमी डाव्या बाजूला ठेवतात, त्यावरून मी बाजू लावून बघितली. प्रत्येक परकर उजवीकडे आखूड होता.

मग मी उठून पट्टी आणली आणि जमिनीवर बसून एकेक मोजायला लागले. विटून पिवळा पडलेला, सगळ्यात जुना, अर्धा इंच. त्याच्यानंतरचा निळा, पाऊण. मग एक. मग सव्वा. कपाटातले सध्याचे जाऊन आणले. दीड.

मी जुईला कडेवर घेतलं आणि दुकानात गेले.

मामा काज करत होते. मी पिवळा परकर त्यांच्यासमोर कापायच्या फळीवर टाकला. त्यांनी बघितलं आणि सुई तशीच कापडात टोचून ठेवली.

"तिला दाखवलास?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी मला बसायला स्टूल दिलं. मग सांगितलं. विश्वास सातवीत असताना विट्याला एका लग्नाला गेले होते. आत्यांची साडी उजवीकडे जमिनीला घासत होती, कारण कंबरच तिकडे उतरलेली. दोन बायका मागून हसल्या आणि आत्यांनी ते ऐकलं. घरी येऊन त्या रडल्या. यापुढे कुठे जायचं नाही, म्हणाल्या. पुढचा परकर मामांनी उजवीकडे अर्धा इंच कमी कापला. साडी त्या कडेवर बेतून नेसतात, ती सरळ पडली. "दुसऱ्या लग्नाला गेली, हसत आली," मामा म्हणाले. "मग दर वर्षी तेवढं बघायचं. मला माप घ्यावं लागायचं नाही. ती भांडी घासायला उभी असली तरी मागून कळायचं, यंदा पाव इंच आणखी उतरलंय."

"आणि आता कंबर वर आली, म्हणून परकर वर गेला."

"हो."

"तुम्हाला घटस्थापनेच्या दिवशीच कळलं होतं."

ते टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. म्हणाले, मला पाच-सहा दिवस दे, सहा परकर सरळ शिवतो, गुपचूप कपाटात ठेवतो. तिला सांगू की पाय बसला. तिला कळायला नको. बाईला कसं सांगायचं, की वीस वर्षं तुझी वाकडी कंबर मी कापडात लपवत होतो.

मला त्या वेळी ते फार गोड वाटलं. खरंच सांगते, माझे डोळे भरले. आणि लगेच मी मोजलं. पाच-सहा दिवस म्हणजे पंचवीस किंवा सव्वीस. मी म्हटलं, तीन दिवसांत करा. ते बरं म्हणाले.

घरी आले तर आत्या फोनवर होत्या. विश्वासशी. पुण्यात कोणी मोठा डॉक्टर बघ, नंबर लाव, सोमवारी न्यायला ये. वाढलेला तेवढा पाय पुन्हा उघडून कमी करून घेणार आहे मी. पलीकडे विश्वास काय म्हणत होता ते ऐकू येत नव्हतं, पण नाही म्हणत नव्हता. त्याच्या आईला तो कधी नाही म्हणत नाही.

मी जुईला खाली ठेवलं. माळ्यावरच्या बोचक्यातले परकर अजून जमिनीवर पसरलेले होते. मी ते सगळे उचलून पलंगावर टाकले, आत्यांच्या पायाशी.

"फोन ठेवा," मी म्हटलं. "पाय लांब झालेला नाही. परकर वाकडे आहेत."

मग मी सांगितलं. नीट सांगायला जमलं नाही, भरभर सांगितलं, मामा काय म्हणाले तेही सांगितलं. आत्यांनी ऐकलं. त्या मामांच्या दुकानातल्या कपड्यांच्या कडांचं हेमिंग आयुष्यभर घरी करत आल्या होत्या. पट्टी मागितली नाही. प्रत्येक परकराच्या दोन कडा चिमटीत धरून बोटानं फरक बघितला आणि एकावर एक ठेवत गेल्या. जुन्यापासून नव्यापर्यंत, बरोबर लागले.

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं ना तुला?"

"हो."

"मग का सांगितलंस?"

तुमच्यासाठी, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. उन्हाळाभर मी तेच म्हणत होते.

"पंचवीसला मला कामावर जायचंय," मी म्हटलं. "तुम्ही पुण्याला गेलात तर माझी नोकरी जाते."

मग त्यांनी पदर खोचला, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा असे दोन परकर काखेत मारले, काठी घेतली आणि उठल्या.

मी म्हटलं, मी बोलावते मामांना. त्यांनी ऐकलं नाही. उंबरा ओलांडला, दोन पायऱ्या उतरल्या. मी जुईला उचलून मागे धावले. ऑपरेशननंतर त्या एकट्या गल्लीत उतरल्या नव्हत्या. माझी नजर काठीच्या टोकावर, खड्ड्यावर, समोरून येणाऱ्या सायकलवर. दुसऱ्या गल्लीच्या वळणावर माझ्या लक्षात आलं, गुडघा वाकवायचं त्या विसरल्या होत्या. दोन्ही टाचा टेकत होत्या.

दुकानात मामा पांढरं कापड कापत होते. परकराचंच. आत्यांना बघून त्यांनी कात्री खाली ठेवली.

"दर दिवाळीला विचारत होते मी तुम्हाला," आत्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "परकर घालून तुमच्यासमोर उभी राहायचे. विचारायचे, वाढलंय का हो माझं लंगडणं. तुम्ही म्हणायचात, बघ की आरशात, कुठं वाढलंय. मी बघायचे. सरळ दिसायचं."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटलं असतं तर दवाखान्यात गेले असते."

मला गाडीत न बोललेल्या आत्या आठवल्या, आणि मिरजेच्या खोलीत गुंडाळली जाणारी ती दोरी. दहा वर्षं, डॉक्टर म्हणाले होते. मी तासाभरापूर्वी याच स्टुलावर बसून डोळे पुसले होते. जुई टेपकडे झेपावत होती, तिला मी घट्ट धरलं.

"माप घ्या," आत्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे तुझं—"

"घ्या. सुवर्णासमोर घ्या."

त्यांनी काठी फळीला टेकवली आणि हात सोडून उभ्या राहिल्या. मामा गुडघ्यावर बसले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि मला वाटतं त्यांनी बायकोचं माप टेपनं पहिल्यांदाच घेतलं असेल. आधी डावीकडे, कमरेपासून घोट्यापर्यंत.

"मोठ्यानं सांगा."

"सदतीस."

मग ते सरकून उजवीकडे आले. टेप लावला. काढला. परत लावला. मी अंग चोरून उभी होते. मनात म्हणत होते, सदतीस म्हणा, मामा. एकदाच सदतीस म्हणा. त्या सरळ आहेत असं म्हणा म्हणजे हे संपेल.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"सव्वासदतीस," ते म्हणाले. "पाव इंच जास्त आहे इकडे."

बाहेरून रिक्षा गेली.

"म्हणजे आहे थोडा लांब," आत्या म्हणाल्या.

"आहे. पाव इंच."

"बरं." त्यांनी काठी घेतली. "परकर दोन्हीकडे सदतीस कापा. पाव इंच दिसला तर दिसू दे."

काखेतले दोन परकर त्यांनी फळीवर ठेवले आणि वळल्या. मामा तसेच खाली बसलेले होते, उठायला हात कुणी द्यावा असं त्यांना वाटत असावं. मी देऊ शकले नाही, माझ्या कडेवर जुई होती. आणि आत्या निघाल्या होत्या.

परत येताना त्या हळू चालत होत्या. राग उतरला तसं पाठीचं दुखणं जागं झालं असणार. मी नेहमीसारखी दोन पावलं मागे, त्यांच्या खांद्यांवर लक्ष ठेवून. वर्षभर मी हेच करत आले होते, बघायचं आणि जीभ चावायची. उजवा खांदा खाली जायला लागला.

"आत्या," मी म्हटलं, "उजवीकडे झुकताय."

त्या थांबल्या. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी खांदा वर घेतला, दोन्ही टाचा दाबून उभ्या राहिल्या.

"आता?"

"आता सरळ."

"मला वाकडं वाटतंय."

"सरळ आहात."

चार पावलांनी खांदा परत उतरला. मी परत सांगितलं.

"पंचवीसला किती दिवस राहिले तुझे?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"पाच."

"विश्वासला फोन करून सांग, नंबर लावू नको. आणि मी झुकले की सांगत जा. लाजू नको."

विश्वासला मी फोन केला, आणि पंचवीसला लॅबमध्ये पहिला नमुनाही तपासला. पण ते नंतर. त्या संध्याकाळी घर येईपर्यंत मी त्यांना सतरा वेळा सांगितलं. सतराही वेळा त्या थांबल्या, सरळ झाल्या, आणि विचारलं, "आता?"